सहीपुरती डायरेक्टर

मला डायरेक्टर केलं त्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. सासरे स्वयंपाकघरात आले, आणि मुळात हीच मोठी बातमी होती. बारा वर्षांत ते पाणी प्यायलासुद्धा आत आले नव्हते. पाणी त्यांच्याकडे जायचं. हातात कागदांचा गठ्ठा होता. म्हणाले, "सूनबाई, हात पूस अन् इथं, इथं अन् इथं सही करजो."

मी केल्या. एका सहीवर पीठ सांडलं, ते त्यांनी फुंकर मारून उडवलं. सही कसली म्हणून विचारलं, तर म्हणाले, तू आता कंपनीची डायरेक्टर. मग जवसाची चटणी संपली का ते विचारलं आणि गेले. तव्यावरची पोळी करपली होती.

आमचं आर्वीच्या बाहेर कापसाचं जिन आहे. कापसातून सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि सूतगिरण्यांना पाठवायच्या. आमच्या घरात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. जिन त्यांचंच, म्हणजे आधी त्यांच्या वडिलांचं आणि मग त्यांचं. माझा नवरा तिथं बसतो. स्वभावाने इतका शांत, की शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटतं.

त्या वर्षी कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीला एकाएकी आपला कापूस कुठून येतो हे जाणून घ्यावंसं वाटलं. तिने सूतगिरणीला विचारलं, गिरणीने आम्हाला, आणि एक लांबलचक फॉर्म आला. त्यातल्या दोन प्रश्नांवर मामाजी अडले. तुमच्या व्यवस्थापनात महिला आहे का? आणि पर्यावरणाची जबाबदारी कोणाकडे आहे? सासूबाई हयात असत्या तर हा मान त्यांच्याकडे गेला असता. त्या नव्हत्या, म्हणून माझ्याकडे आला. मामाजींनी एकाच नावात दोन्ही प्रश्न निकालात काढले.

माझं शिक्षण बी.एस्सी., केमिस्ट्री, वर्ध्याच्या कॉलेजातून. लग्नानंतर त्याचा उपयोग मुलांचा गृहपाठ घेण्यापुरता होता. माहेर आंजीचं, वडील शेतकरी. त्यांना फोनवर सांगितलं की मी डायरेक्टर झाले, तर त्यांनी विचारलं, "सिनेमाची?"

फॉर्मसोबत पर्यावरण धोरण जोडायचं होतं. ते नागपूरच्या एका सल्लागाराने करून दिलं. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर, मुखपृष्ठावर निळा समुद्र. प्रत्येक पानाखाली माझी सही. कपड्यांच्या कंपनीकडून तपासणीला बाई येणार असं ठरलं, तेव्हा एका दुपारी मी ते पहिल्यांदा वाचलं. नवव्या पानावर लिहिलं होतं की आमची कंपनी समुद्री कासवांची अंडी घालण्याची जागा जपायला कटिबद्ध आहे. सल्लागाराने बहुधा कोकणातल्या कुठल्या मासळीच्या कारखान्याचं धोरण उचललं होतं आणि नाव तेवढं बदललं होतं.

मी धावत मामाजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पान पाहिलं आणि चष्मा काढला. "राहू दे. कासवाईनं कोणाचं काय वाईट होते?"

तपासणीची बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. पाठीवर पिशवी, पायात बूट, तोंडावर मास्क. हिंदीत बोलायची आणि सगळं वाचून आली होती. अशी माणसं फार त्रास देतात. चहा झाल्यावर तिने नववं पान उघडलं आणि मला विचारलं, कासवांसाठी तुम्ही नेमकं काय करता? मामाजी लगेच म्हणाले, वर्धा नदीत आहेत ना कासवं. ती माझ्याकडेच पाहत होती. मी थाप मारायला तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. थांबेचना. पदर तोंडावर धरला तरी खांदे हलत होते. मग तीही हसायला लागली. आम्ही दोघी हसतोय आणि मामाजी आमच्याकडे बघतायत, की या बायांना झालं तरी काय.

हसून झाल्यावर तिने धोरण मिटवलं आणि म्हणाली, जे कॉपी केलेलं नाही ते आता दाखवा.

ते जिनच्या मागे होतं. कापसासोबत येणारी पाचोळ्यासारखी घाण, काड्या, बोंडाची टरफलं, सगळं तिथं साठायचं आणि रोज पेटवलं जायचं. त्या दिवशी मामाजींनी ताकीद देऊन पेटवू दिलं नव्हतं. पण असला ढीग आतल्या आत दोन दिवस धुमसतो, आणि तो अगदी आमच्यासमोर धुमसत होता. बाईने फोटो काढला. मग आम्ही आत गेलो, जिथं रेचे चालतात. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. अशी यंत्रं ओळीने धडधडत होती आणि हवा पांढरी झाली होती.

खरं सांगते, मी पहिल्यांदाच आत पाय ठेवत होते. बारा वर्षं या जिनच्या जिवावर जेवले, साड्या नेसले, आणि दसऱ्याच्या पूजेलासुद्धा ऑफिसच्या पायरीपुढे गेले नव्हते. दहा मिनिटांत माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. तिथं वीस-पंचवीस बाया तोंडाला पदर बांधून कापूस निवडत होत्या. त्यांची मुकादम साठीला टेकलेली, सडसडीत, मोठ्या आवाजाची. सगळे तिला मावशी म्हणत. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमीच का त्या डायरेक्टर?" मी हो म्हटलं. "मंग आल्या कधी म्हणायच्या, आज का बारा वर्षाखाली?" मी भुवयांवरची रुई पुसायला लागले.

बाई तीन दोष लिहून गेली: मागे कचरा जळतो, आत धूळ उडते, आणि कापसात प्लास्टिकचे तुकडे सापडतात. पुढच्या हंगामात ती परत येणार होती. मामाजी म्हणाले, ढिगाभोवती हिरवी जाळी लावू, समोर चार गुलमोहर लावू. माझ्या डोक्यातून मावशी जात नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडलं आणि मी थेट जिनमध्ये गेले. नवऱ्याने विचारलं, काही हवंय का? म्हटलं, खुर्ची.

सगळ्यात सोपं म्हणून मी प्लास्टिकपासून सुरुवात केली. रुईत निघणारे तुकडे नीट पाहिले तर ते सगळे म्हणत तसे शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या पिशव्यांचे नव्हतेच. ते खर्र्याच्या पन्नीचे, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचे होते. आमच्याकडे खर्रा हे जवळपास अन्नच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा, त्याच पन्नीत बांधायचा, दिवसभर चिमूट चिमूट तोंडात टाकायचा आणि पन्नी टाकून द्यायची. जिनमध्ये टाकली तर ती कापसात जाते आणि कुठल्या तरी परदेशी माणसाच्या शर्टात विणली जाते. मी फाटकावर पाटी लावली: केसांवर टोपी सक्तीची, खर्रा बंद.

दुसऱ्या दिवशी रेचे बंद. एकजणही आत आला नाही. फाटकाबाहेर सगळे उन्हात बसले होते, आणि पुढे मावशी. मला वाटलं होतं, खर्रा पुरुष खातात आणि बाया मला आशीर्वाद देतील. मावशीच्या गालात त्या क्षणीही खर्रा होता. मी पन्नीचं गणित समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "आमच्या केसाले टोपी, आमच्या तोंडाले कुलूप. अन् मशीन जे फुफाटा वकते, त्याच्या तोंडाले कोन काय बांधते?"

फाटकाबाहेर हशा पिकला. मी लाल झाले. घरी जाऊन रडायची सगळी सोय होती. पण ती खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसावर मला फार वेळ रागावता येत नाही. हा दोष मला वडिलांकडून मिळाला आहे. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, धुळीचं मी बघते, मला वेळ द्या. पन्नीचं तुम्ही सांगा. ती विचार करून म्हणाली, वाद खर्र्याशी नाही, पन्नीशी आहे, तर मग पन्नी ठेल्यावरच राहू द्या. पानठेलेवाल्याने आपल्या जाड पन्नीवर घोटावा आणि ज्याच्या त्याच्या डबीत भरावा.

तर मी, पर्यावरण विभागाची प्रमुख, कंपनीतर्फे जे पहिलं पाऊल उचललं ते हे: प्रत्येक कामगाराला खर्र्यासाठी एकेक स्टीलची डबी. भांड्यांच्या दुकानात इतक्या डब्या एकदम मागितल्या तर दुकानदाराने विचारलं, लग्नात वाटायच्या का? दोन दिवसांत गावभर झालं की अमक्यांची सून खर्रा वाटते. माझ्या नणंदेने फोन करून खात्री करून घेतली. पण पन्नी खरोखर बंद झाली. कपड्यांच्या कंपनीला मी डबीचा फोटो पाठवला. पुढे त्यांच्या वार्षिक अहवालात अर्धं पान छापून आलं: मावशीचा सुरकुतलेला हात, त्यात चकचकीत डबी आणि खाली ओळ, की कामगारांनी प्लास्टिकऐवजी पुन्हा वापरता येणारे वैयक्तिक डबे स्वीकारले. डब्यात काय, ते लिहिलेलं नव्हतं. मावशीने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, नखं कापून घेतली असती.

या डब्यांनीच मला अडचणीत आणलं. महिला दिनाला तालुक्यात माझा सत्कार झाला, पर्यावरणस्नेही उद्योजिका म्हणून. मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि मला दिलेलं तुळशीचं रोप प्लास्टिकच्या कुंडीत, वरून प्लास्टिकचा कागद. एका वक्त्याने माझी तुलना धरणीमातेशी केली. मी शालीत घामाघूम होऊन बसले होते आणि मला छान वाटत होतं. हे कबूल करायला हवं. फार छान वाटत होतं.

परतताना रस्त्यावरूनच जिनच्या मागचा धूर दिसला. सरळ वर जाणारा, काळा. मी मोठा मान घेऊन परतणार म्हणून मागच्या कामगारांनी सगळा ढीग एकदम पेटवून टाकला होता, की संध्याकाळी जागा साफ दिसावी. गाडीत मी शाल काढून ठेवली.

आणि त्याच आठवड्यात मामाजींनी कागद आणला. वार्षिक घोषणापत्र: धोरणातल्या सर्व गोष्टींची पूर्ण अंमलबजावणी झाली आहे. खाली माझं नाव, सहीला जागा. या वेळी मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, हात कोरडे होते. मी सगळं वाचलं आणि कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

"मी नाई करत सही, मामाजी. हे खोटं आहे."

"डायरेक्टरनं सही नाई केली तर माल कसा जाईन?"

"तुम्हीच केलं ना मले डायरेक्टर."

"म्या कागदावर केलं होतं."

"मग मी कागदावरच नाई म्हणून राह्यली."

त्या घरात मामाजींना नाही म्हणायची पद्धत नव्हती. असलीच तर ती मला कोणी शिकवली नव्हती. ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना नवऱ्याकडे बघून म्हणायचे, वरणात मीठ कमी आहे म्हणून सांग. मी दीड हातावर बसलेली. नवरा मला सांगायचा, वरणात मीठ कमी आहे. मी त्याला म्हणायचे, मीठ समोरच आहे म्हणून सांग. आणि तो खरंच सांगायचा. असे आम्ही तिघं आठवडाभर जेवलो.

मग मावशी पडली. रेच्यांच्या ओळीत खोकता खोकता खाली बसली आणि उठेना. ओठ निळे पडले होते. मी तिला गाडीत घातलं आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि केसांत अडकलेली रुई मी एकेक वेचत होते, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, जिनमध्ये आहे का? किती वर्षं? मावशीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तिने तीन बोटं दाखवली. मला वाटलं तीन. ती तीस म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मामाजी आले. बोलावलं नव्हतं. सोबत केळी आणि बिस्किटं, दवाखान्यात न्यायचं म्हणून जे नेतात ते. पलंगाशी उभे राहिले. मावशीने मास्क बाजूला केला. ती त्यांना ते तरुण होते तेव्हापासून ओळखत होती. म्हणाली, "मालक, तीस वर्सं तुमची रुई खाल्ली म्या. डॉक्टर म्हणते, आता पोट भरलं."

मामाजींनी केळी टेबलावर ठेवली, तिथून उचलून खिडकीत ठेवली आणि निघून गेले. बाहेर गाडीत बसताना माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाले, हिचा जो काय खर्च असेल तो ऑफिसातून. "हिचा" म्हणजे मावशीचा की माझा, ते स्पष्ट नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नागपूरचा मिस्त्री येऊन जिनची मापं घेऊन गेला. धूळ ओढून घेणारे पंखे, पत्र्याची मोठी नळी आणि बाहेर धूळ खाली पाडणारं उंच पिंप. मामाजींनी मला सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र सांगितलं, की कंपनी फार मागे लागली आहे म्हणून करावं लागून राह्यलं. काम होत असेल तर श्रेय कोणाच्या नावावर जमा झालं ते बघत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता. असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. मनातून मला ते चांगलंच लागलं होतं.

घोषणापत्राचं मी असं केलं: जे झालं होतं त्यापुढे "झालं" लिहिलं, जे चालू होतं त्यापुढे "चालू आहे", आणि बाकीच्यावर काट मारली. कासवांवरही. मग सही केली. मामाजींनी ते वाचून नवऱ्याकडे दिलं, नवऱ्याने पाठवलं. गाठींचा माल कुठेही अडला नाही. कोणी साधा फोनही केला नाही. आठवडाभराचं महाभारत आमच्या जेवणाच्या टेबलापुरतंच होतं.

राहिला मागचा ढीग. केमिस्ट्री आठवून मी ठरवलं की त्याचं खत करायचं. आंजीला वडिलांना म्हटलं, खत झालं की तुम्ही घ्या. ते म्हणाले, तुमच्या जिनातली बोंडअळी मी पैदा करून वावरात पसरवू काय? मी म्हटलं, ढीग आतून इतका तापतो की अळी मरते. हे पुस्तकात बरोबर होतं. पुस्तकात हेही होतं की ढीग ओला ठेवावा लागतो, पण भर मे महिन्यात आमचा पाण्याचा टँकर चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी दुपारी ढीग आपोआप पेटला. जाळणं बंद व्हावं म्हणून रचलेला ढीग इतका मोठा पेटला की अग्निशमनची गाडी बोलवावी लागली. मामाजी ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे राहिले. धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन महिन्यांनंतर माझ्याशी थेट पहिलं वाक्य बोलले:

"हे पर्यावरणाचंच चालू आहे ना?"

मी हो म्हटलं. ते हसले. दात दिसतील इतके नाही, पण हसले.

दुसरा ढीग मी लहान केला, विहिरीजवळ. तो कुजला. वडिलांनी त्याचं खत आधी पिकाच्या एकाच ओळीत टाकून पाहिलं, तोंडाने अजूनही चांगलं म्हणत नाहीत, पण ट्रॅक्टर घेऊन स्वतः येतात.

मावशी दवाखान्यातून परत आली, पण आत जाण्यासारखी राहिली नाही. पंखे बसले ते तिच्या उपयोगाचे नव्हते. उशीर झाला होता, आणि हे कोणत्याही अहवालात कुठल्याही रकान्यात बसत नाही. आता ती फाटकाशी मोकळ्या हवेत बसते आणि येणाऱ्या गाड्यांतल्या कापसातून सुतळी, पन्नी, दोरे काढते. शेतकऱ्यांना झापते. दोन पायऱ्या चढली की थांबते. खर्रा सुटलेला नाही.

नव्या हंगामात तीच तपासणीची बाई आली. मामाजींनी तिला स्वतः सगळीकडे फिरवलं. पंख्यांसमोर उभं राहून हिंदीत सांगत होते की कामगारांच्या फुप्फुसांची काळजी ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. बाईने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. या वेळी मात्र हसू आवरलं.

मागच्या आठवड्यात जिनच्या पलीकडच्या वस्तीतली एक बाई ऑफिसात आली. पूर्वी त्यांच्याकडे धुतलेले कपडे वाळत घातले की रुई बसून पांढरे होऊन निघायचे. आता तसं होत नाही, असं तिनेच सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, "बरं झालं थे ठीक आहे, पण तुमचा हा पंखा दिवसभर भुंकते. पोरीची परीक्षा आहे. आवाज कमी करा."

मी तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत चालत गेले आणि अंगणात उभी राहून ऐकलं. खरंच भुंकत होता. मुलगी खिडकीत पुस्तक घेऊन बसली होती, कानांत कापूस घालून. मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी येतो. मी म्हटलं, सोमवारी नाही, उद्या.